खळ दिलेलं सूत

“आधी बस्ती, मग पेटी. आणि रेशमाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.”

आक्काताई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, तरी त्यांचा हा आवाज रोज पहाटे माझ्या आधी उठलेला असायचा. आम्ही आष्ट्याचे जैन. देवळाला आम्ही बस्ती म्हणतो. बस्तीत दर्शन घ्यायचं, घरी येऊन पाणी गाळायचं, मग ओसरीवर बसून दागिन्यांची पेटी उघडायची. मंगळसूत्रं, पोती, ठुश्या गाठवून देणं हा आमचा धंदा. सासूबाईंनी सुरू केला, माझ्या हातात आला.

रेशमासाठी किडे उकळतात, लाखेतही किडेच मरतात, मेणासाठी पोळं पिळतात. म्हणून यातलं काहीच आमच्या पेटीत नसे. मोती नाहीत, पोवळं नाही. बाजारात तुटक्या माळा मिळत, त्यांतले काचेचे मणी मी निवडून, धुऊन पुन्हा वापरायची. पितळेच्या जुन्या वाट्या चिंचेनं घासायची. पेटीत मावेल तेवढाच माल ठेवायचा, हाही नियमच. एवढं सगळं नको म्हटल्यावर धंदा कसला, असं लोक हसून म्हणत. पण दुष्काळाच्या दोन वर्षांत कितीतरी बायकांचं सोनं मोडलं, आणि सवाष्णीला गळा मोकळा ठेवता येत नाही. मग काळे मणी आणि पितळेच्या वाट्या सुतात गाठवून घ्यायला बायका येऊ लागल्या.

त्यातलीच राहीबाई. माहेर आमच्या आळीतलं, सासर कराडच्या पुढे मसूरच्या वाटेवरच्या गावी. नवरा मानसिंग फौजेत. दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात तिच्या भावाचं लग्न झालं, तेव्हा सासरच्या बायका आष्ट्याला आल्या होत्या. राहीबाई त्यांना सरळ माझ्या ओसरीवर घेऊन आली.

“काकीच्या हातचं सूत म्हंजी बघायचं काम न्हाई. माज्या शब्दावर घ्या.”

बायकांनी तिच्या शब्दावर गाठवून घेतलं. तिची सासू चंद्राबाई कडक, पण तिनंही घेतलं.

माझं चुकलं ते त्याच उन्हाळ्यात. मी सूत माधवनगरच्या कल्लाप्पाकडून घेई. तो विणकर. तो म्हणाला, “काकी, मेण चालत नाही तर खळ द्या की. आम्ही ताण्याला देतोच. सूत कसं गुळगुळीत होतं बघा.” मला पटलं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, सूत बुडवलं, वाळवलं. मणी सरसर सरकू लागले आणि सुताला रेशमासारखी चकाकी आली. बायका खूश झाल्या. मीही झाले, खोटं कशाला सांगू. लग्नाला आलेल्या त्या सगळ्या बायकांच्या गळ्यात तेच सूत गेलं.

श्रावणात एका सकाळी राहीबाई दारात उभी. गळ्यात पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड, आणि पदराच्या गाठीत मणी.

आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं असं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. राहीबाईनंही तसंच म्हटलं, पण तिचा आवाज तुटलेला होता.

“काकी, शेतात तण भांगलता भांगलता वाढलं. मनी सगळं चिखलात. आन् म्हातारी बांदावरच हुबी हुती.”

“लागलं नाही ना कुठं?”

“मला काय हुतंय! म्हातारीनं सगळं गाव गोळा केलं. म्हनती, त्या बाईनं मुंग्या-किडं जपलं, आता माज्या ल्योकाचं आयुष्य कोन जपनार? त्येचं पत्र बी आलं न्हाई महिनाभर. बायका माज्याकडं अशा बघत्यात, जनू मीच दोरा कुरतडला.”

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं गाठीतून दोऱ्याचा तुकडा काढला. मी तो उजेडात धरला. सूत झिजलेलं नव्हतं. जागोजाग बारीक खाल्लेलं होतं.

मी पेटी उघडली, सुताचं रीळ उचललं, आणि त्याखालून चंदेरी कसर पळाली. एक, मग आणखी. खळीच्या वासावर सगळा परिवार तिथं नांदत होता. पोळ्यातल्या माश्या वाचवायच्या म्हणून मी मेण सोडलं, आणि पीठ चारून कसर पाळली. शिवाय रीळ उलगडताना माझ्याच बोटांखाली किती चिरडली असेल, ते देव जाणे.

आमचे हे शेताकडे निघाले होते. वाकून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, तुझ्याकडं तर बारमाही अन्नछत्र चाललंय. पाहुण्यांना हाकलू नको आता.”

राहीबाईला त्यातही हसू आलं. मला नाही आलं. मी पेटी परसात नेली आणि मऊ फडक्यानं कसर हळूहळू झाडावर झटकली. परत आले तेव्हा राहीबाईनं मनाशी काहीतरी ठरवलेलं दिसलं.

“काकी, रागावू नगा. मला रेशमात गाठवून द्या. एकदाच. बाकीच्यांचं बी तसंच करू. कुनाला कळतंय?”

“मला कळेल ना गं.”

“आवं, पर माजा शब्द गेला की गावात! उद्या कुना दुसरीचं वाढलं, तर मला त्या घरात ऱ्हायचं कसं?”

तिचं म्हणणं खरंच होतं. मी खळ दिलेलं सगळं सूत बाहेर काढलं, गरम पाण्यात टाकलं आणि चोळून चोळून खळ काढली. वाळल्यावर चरखीवर पुन्हा पीळ दिला, तोही दुपदरी. चकाकी गेली. मणी अडखळत जात होते, एकेक मणी बोटानं ढकलावा लागत होता. गाठवून झाल्यावर राहीबाईनं ते मंगळसूत्र हातात घेतलं, खुंटीला अडकवलं आणि दोन्ही हातांनी लोंबकळली. मी ओरडणारच होते. खुंटी हलली, सूत राहिलं.

“हां,” ती म्हणाली. “ह्यो दोरा हाय.”

“हाही वर्षाकाठी झिजणार. दर साली बदलायचा. हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगायला हवं होतं.”

“मग चला माज्यासंगं. सगळ्यांचं बदलून द्या.”

इथं खरी अडचण होती. आषाढातल्या चतुर्दशीला बस्तीत मी नियम घेतला होता, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आष्ट्याची शीव ओलांडायची नाही. दर साली घेते. नुसतं स्वतः जायचं नाही एवढंच नव्हे, शिवेबाहेर माणूस धाडून काम करवून घेणं, बाहेरून कुणाला बोलावणं, हेही त्या नियमाला डाग लावतं. आणि मंगळसूत्र अशी वस्तू, की ते गळ्यातून काढून कुणाच्या हाती एस. टी. नं पाठवता येत नाही. बाई समोर बसावी लागते, गळ्यात तेवढा वेळ हळकुंड बांधावं लागतं.

मी तिला हे सांगितलं. ती खांबाला टेकून बसली.

“म्हंजी तुमी यायचं न्हाई, आन् मी बायका बी आनायच्या न्हाईत.”

“मी बोलवायचं नाही.”

“मग मला शिकवा.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“असं बघू नगा. गोधडी शिवती की मी. ही गाठ काय तिच्यापरास अवघड हाय व्हय?”

“पण राही, तुला सूत देऊन तिकडं पाठवायचं म्हणजे मीच माणूस धाडल्यासारखं…”

“तुमी कुठं धाडताय? मी माज्या सासरला चाललीया!”

यावर मात्र मला हसू फुटलं. रात्री सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्यावरही मी तिचं बोलणं पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. मला त्यात खोट सापडली नाही. सापडू नये असं वाटत होतं, हेही खरं.

राहीबाई माहेरी राहून शिकली. तिची पहिली गाठ ढिली, दुसरी वाकडी, पण बोटांत बळ होतं. पीळ तर माझ्यापेक्षा घट्ट द्यायची. निघताना मी तिला सूत आणि सुया दिल्या. ती म्हणाली, “मेन न्हाई, रेशीम न्हाई. कुनी कितीबी म्हनलं तरी. शब्द देते.” मीही तिला म्हटलं, “पौर्णिमा झाली की मी येते. कुणाचं काही राहिलं असेल, तर माझ्या हातानं करून देते.”

मग भाद्रपद गेला, नवरात्र गेलं. मी कुणाला विचारलं नाही. रोज बस्तीत त्या बायकांच्या गळ्यातलं सूत डोळ्यांपुढे यायचं.

भाऊबीजेला राहीबाई माहेरी आली ती तोंडभर बोलतच. मानसिंगचं पत्र आलं होतं. डोंगरातल्या चौकीवर होता, म्हणून उशीर झाला. गावातल्या एकेकीचा दोरा तिनं बदलला होता. आधी लग्नाला आलेल्यांतली धोंडुबाई कशीबशी तयार झाली, तिचं पाहून बाकीच्या आल्या. दोघींच्या दोऱ्याला कसर लागलेली निघाली. पण एकही मंगळसूत्र वाढायच्या आत सगळं झालं.

“सगळ्यांचं?”

राहीबाईनं नाक मुरडलं. “म्हातारीचं सोडून.”

“का गं?”

“म्हनती, सुनंपुढं मान वाकवून बसनार न्हाई. जिनं बांदलं तिनंच यावं, आन् माज्या तोंडावर सांगावं काय चुकलं त्ये. दोरा पार इरलाय काकी. सेफ्टी पीन लावून धरलाय तिनं. शिंकताना छातीवर हात ठेवती.”

“बरोबरच आहे त्यांचं,” मी म्हणाले.

“आवं, लय बोलंल ती तुमाला!”

“बोलू दे.”

पौर्णिमेला माझा नियम पुरा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे बस्तीत जाऊन आले. गाळलेल्या पाण्याची कळशी बरोबर घेतली आणि दिवस मावळायच्या आत खाता येतील अशा दशम्या बांधल्या. हे गोठ्यातून म्हणाले, “कराडची गाडी सात्त्विक लोकांसाठी थांबत नाही हां, पळत जा.” मी पळाले नाही. पेटी डोक्यावर घेतली आणि शिवेच्या बाजूला चालू लागले. चंद्राबाईच्या पुढ्यात बसून आधी काय सांगायचं, ते मनात जुळवत होते.