सपाट पाण्यातली टकटक

मित्रांनो, मी एक जुना तरंगणारा गोळा आहे, आणि तुम्ही माझ्याकडे असे टक लावून का बघता आहात ते मला आधी कळायला हवे. कुणी मला निरखून पाहू लागले की पाठोपाठ कुठेतरी भोक पाडले जाते, असा माझा अनुभव आहे. तुमच्या हातात ड्रिल दिसत नाही, म्हणून सांगतो. पण जरा बाजूला सरकून उभे राहा. कोण आत येते आणि कोण बाहेर जाते ते मला दिसले पाहिजे.

माझा जन्म साच्यात झाला. फायबरच्या कापडाचे सात थर, मध्ये चिकट रसायन, आणि वर पिवळा रंग. आकाराने मी मोठ्या पातेल्याएवढा, वरून चपटा आणि खालून फुगीर. मला पाहताच कारखान्यातले कुणीतरी 'भोपळा' म्हणाले आणि तेच नाव पडले. कागदोपत्री मी 'नमुना क्रमांक दोन' आहे. नमुना क्रमांक एकचे काय झाले ते मला आजवर कुणी सांगितलेले नाही. मला विचाराल तर त्यात काहीतरी काळेबेरे आहे.

मला एका प्रयोगशाळेतल्या लांबलचक हौदात सोडले. हौदाच्या एका टोकाला दाराएवढी उंच फळी होती. मोटर तिला पुढे-मागे ढकलायची आणि पाण्यात लाटा उठायच्या. मधोमध मी होतो, एका उभ्या दांड्यावर ओवलेला. लाट आली की मी वर जाई, गेली की खाली येई, आणि माझ्या या हेलकाव्यांवर एक छोटे जनित्र फिरून वीज तयार होई. समुद्राच्या लाटांतून जास्तीत जास्त वीज कशी काढावी याचा अभ्यास तिथे चाले. अभ्यास त्यांचा, पण अंग माझे मोडे.

हौदाची देखभाल एक मिस्त्री करीत. सगळे त्यांना मामा म्हणत. ते रोज सकाळी सर्वांच्या आधी येत, बाही वर सारत आणि थेट माझ्या पोटाखाली हात घालून चाचपत. मग माझे झाकण उघडून आतल्या शिशाच्या वजनांपैकी एखादा तुकडा काढून खिशात टाकत. ही उघडउघड चोरी आहे असे मला वाटे. चार महिने मी त्यांना चोर समजत होतो. पुढे कळले की माझ्या अंगात पाणी मुरत होते, आणि तेवढे वजन ते आतून कमी करीत, म्हणजे मी पूर्वीच्याच रेषेवर तरंगावा. तरी मी त्यांना पुरती माफी दिली नाही. न विचारता कुणाच्या पोटात हात घालणे बरे नव्हे.

दुसऱ्या वर्षी एक तरुण संशोधक बाई आल्या. त्यांच्या काखेत एक करडी पेटी होती. ती पाहताच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाईंचे म्हणणे साधे होते. झोक्याला धक्का योग्य क्षणी दिला तर झोका उंच जातो, भलत्या वेळी दिला तर नुसते हात दुखतात. तसेच माझे. मी लाटेच्या माथ्यावर पोचलो की ब्रेक लावून मला तिथेच धरून ठेवायचे, पाणी खाली गेले की सोडायचे. मग मी जोरात खाली येतो आणि वीज जास्त मिळते. पण केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे हे कळायला येणारी लाट आधी ओळखावी लागते. त्यासाठी माझ्यापासून सहा पावलांवर पाण्यात एक मोजकाठी उभी केली होती. पाणी तिच्यावर किती चढले ते पाहून पेटीने अंदाज बांधायचा आणि माझा ब्रेक चालवायचा. ब्रेक लागला की टक, सुटला की टक.

सुरुवातीचे महिने फार वाईट गेले. पेटीचा अंदाज चुके, ब्रेक उशिरा लागे आणि मला असा हिसका बसे की दांडा थरथरे. वीज काही वाढेना. जेवणाच्या सुट्टीतही बाई हौदाच्या कठड्याशी उभ्या राहून आकडे बघत. डबा तसाच राही. मला त्यांची दया आली नाही, कारण हिसके मला बसत होते.

मग प्रयोगशाळा रंगवायला काढली. भिंतीवर आठ सॉकेटांचा एक फलक होता, आणि कोणत्या सॉकेटात कशाची वायर येते हे मामांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवले होते. रंगाऱ्याने त्या खरवडून टाकल्या. मामा तेव्हा रजेवर होते, लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. बाईंनी आठवेल तशा वायरी परत लावल्या आणि काम सुरू केले.

आणि काय सांगू! पेटी एकदम शहाणी झाली. एकही हिसका नाही. धर म्हटले की धर, सोड म्हटले की सोड. वीज अडीचपट झाली. बाईंनी ओणवे होऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "भोपळ्या, जिंकलास रे!"

मित्रांनो, आता नीट ऐका. त्याच दिवशी मला एक गोष्ट जाणवली होती. लाट मोजकाठीला शिवण्याआधीच ब्रेक तयारीत असे. पेटीला लाटेची खबर पाण्याकडून मिळत नव्हती, दुसऱ्याच कुठून तरी मिळत होती. ज्या मी रंगाऱ्यावर संशय घेतला, झाकणाच्या स्क्रूवर संशय घेतला, त्याच मी एवढे कळूनही तो विचार बाजूला सारला. कारण मला फार आनंद झाला होता. मामा रजेवरून परतले, पाहुणे येऊ लागले. माझे फोटो निघाले. मला नवा रंग मिळाला, झाकणाला नवे रबर मिळाले. वाटले, मिळतेय तर मिळू दे.

शेजारच्या आवारात माझा थोरला भाऊ उभा राहू लागला. एका खोलीएवढा रुंद, वर कठडा, खाली साखळ्या. त्याच्या साखळीची जाडी आणि त्याच्या ब्रेकची ताकद माझ्याच आकड्यांवरून ठरवली होती. तो समुद्रात उतरणार होता, आणि पहिले तीन दिवस त्याच्यावर बसून ब्रेक जुळवायचे काम मामांचे होते. हे ठरले तेव्हा मामा माझ्याशेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, "म्हातारपणी जहाजावरची नोकरी."

मला हसू आले नाही. पेटीला लाटेची खबर इथे कुणीतरी पुरवत होते. समुद्रात ती कोण पुरवणार? तिथे ब्रेक भलत्या वेळी लागला तर मला बसे तो हिसका थोरल्याला खोलीएवढा बसेल, आणि कठड्याशी मामा असतील. हे सगळे मला समजत होते. आणि माझे फोटो निघत होते.

थोरला पाण्यात उतरायला अकरा दिवस राहिले असताना मामांनी फळीच्या बिजागरीला ग्रीस लावायला घेतले. त्यासाठी फळी मोटरपासून सोडवली. मोटरचा आवाज तपासायला त्यांनी ती नुसतीच चालू केली. फळी जागची हलेना, पाणी ताटात ओतल्यासारखे सपाट. आणि माझा ब्रेक बोलू लागला. टक. टक. टक.

मामांचा हात थांबला. त्यांनी पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते येऊन ब्रेकवर बोट ठेवून उभे राहिले. नंतर त्यांनी मोजकाठी पाण्यातून उपसून हवेत धरली. टकटक चालूच होती. मामांनी मोटर बंद केली, तेव्हा कुठे ती थांबली. त्यांनी बाईंना हाक मारली.

"बाई, जरा खाली या. पाणी सपाट आहे आणि तुमची पेटी लाटा मोजतेय."

"मोटरच्या हादऱ्यांमुळे होत असेल, मामा."

"मोजकाठी बाहेर काढून धरली होती मी. तरी चालूच होतं."

बाई जिना उतरून आल्या त्या रागावूनच. "मामा, खरं सांगा. हे कुणी डोक्यात घातलं तुमच्या? अकरा दिवस राहिलेत आणि आत्ताच बरं तुम्हाला हे दिसलं? माझं चांगलं झालेलं इथे कुणाला बघवत नाही, हे मला माहितीये."

"मला कोण काय सांगणार? तीन दिवस वर मी बसणार आहे. जिवाच्या भीतीनं विचारतोय असं समजा."

"सतरा वेळा तपासलाय मी तो आकडा!"

"आकडा सतरा वेळा तपासलात. वायर किती वेळा?"

पेटीतून निघालेल्या वायरीवर बोट ठेवून बाई भिंतीपर्यंत चालत गेल्या. वायर चौथ्या सॉकेटात होती. मोजकाठी तिसऱ्यात येते. चौथ्यात येतो तो फळीच्या मोटरला दिलेला हुकूम. म्हणजे पुढची लाट केवढी उठवायची हे मोटरला सांगितले जाई तेव्हाच पेटीलाही कळत होते. तिला पाण्याकडे बघायची गरजच उरली नव्हती.

बाई ओल्या फरशीवर बसल्या. "परीक्षेआधी पेपर हातात," त्या म्हणाल्या. "मीच लावली ती वायर. तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा."

मामाही शेजारी उकिडवे बसले. "चूक माझीपण आहे. चिठ्ठ्या परत लावायला हव्या होत्या. पण माझं अक्षर कुणाला लागतंय, म्हणून राहिलं."

आता मला वाटले, हे दोघे इकडेतिकडे बघतील, वायर गुपचूप बदलतील आणि मूग गिळून बसतील. माणसांबद्दल माझे मत असेच होते. बाई उठल्या. त्यांनी वायर तिसऱ्या सॉकेटात लावली, मामांकडून फळी जोडून घेतली आणि त्याच लाटा पुन्हा सोडल्या. पहिल्याच लाटेला मला असा हिसका बसला की नवे रबर उडाले. दुपारपर्यंत आकडा आला. अडीचपट नव्हे, सव्वापट. बाईंनी तो मोठ्या अक्षरांत लिहिला आणि कागद घेऊन त्या तडक मोठ्या साहेबांना हौदापाशी घेऊन आल्या.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "निमंत्रणं गेलीत सगळीकडे. आधी उतरवू या. पेटी काय, समुद्रात गेल्यावरही सुधारता येईल ना?"

"येईल की, साहेब. पण तोवर वर मामा असतील," बाई म्हणाल्या.

साहेबांनी थोरल्याच्या दिशेने पाहिले आणि ते फोन करायला गेले. थोरला एक वर्षभर आवारातच थांबला. त्या वर्षात बाईंनी पेटीला खऱ्या पाण्याकडे बघायला शिकवले. फार हिसके बसले, आणि त्यातल्याच एका हिसक्याने माझ्या पोटाला हा तडा गेला. आकडा कसाबसा दीडपटीवर आला. तो ऐकायला पाहुणे आले नाहीत. थोरल्याच्या साखळ्या बदलल्या, ब्रेक बदलला आणि तो समुद्रात उतरला. तीन दिवसांनी मामा बोटीतून धक्क्यावर परत आले. नाकाचा शेंडा उन्हाने सोलला होता, बाकी सगळे धड होते. बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि भर धक्क्यावर रडल्या, असे मी ऐकले.

तडा गेल्यावर माझा उपयोग संपला. मला इथे या मांडणीवर ठेवले. वर्षानुवर्षे धूळ बसते, कुणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या हातून एखादी गोष्ट फार छान जमली, तर टाळ्या खुशाल घ्या. पण तेवढ्यात एकदा वायर कुठे लागली आहे ते स्वतः बघून या. तुमच्या आकड्यावर विसंबून कुणीतरी पाण्यात उतरणार असते, आणि ते तुमच्या अगदी जवळचेही असू शकते.

मामा आता निवृत्त झाले आहेत. अधूनमधून येतात, मला खाली उतरवतात, जुन्या फडक्याने पुसतात आणि आलेल्या मुलांना सांगतात, "हा आमचा प्रामाणिक गडी. यानंच वाचवलं मला. सपाट पाण्यात टकटक करून ओरडला." मित्रांनो, तो मी नव्हतो, ती पेटी होती. मला ते कितीतरी आठवडे आधीच कळले होते, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी मामांचा हात माझ्या पोटाखाली होता.