तेलाचा दाब ठीक होता

मी एक जुना सेन्सर आहे. मी बिघडलेलो नाही. पहिलं वाक्य झालं की दुसरं मला लगेच सांगावं लागतं, कारण मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी मी बिघडलोय असाच समज करून घेतो.

मित्रांनो, दिसायला मी तुमच्या अंगठ्याएवढा. एका टोकाला पितळी आटे, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकचं काळं तोंड. कारखान्यात मला गरम केलं, गार केलं, गदागदा हलवलं आणि मी खरं सांगतो याची खात्री पटल्यावरच डबीत घातलं. मग एका पोकलेनच्या इंजिनात माझी नेमणूक झाली. इंजिनात फिरणाऱ्या तेलाचा दाब किती, हे सतत सांगत राहायचं, एवढंच माझं काम. माझ्याकडे तीन तारा येत. एक वीज आणी, एक परत नेई आणि तिसरी माझा निरोप यंत्राच्या कंप्युटरला पोचवी. निरोपात काही वावगं दिसलं की कंप्युटर केबिनमधला लाल दिवा लावी आणि इंजिन जळू नये म्हणून त्याचा जोर कमी करी.

ते यंत्र चालवायचे मामा. मालकापासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांचेच ते मामा. सकाळी इंजिन सुरू केलं की लाल दिवा विझेपर्यंत ते थांबत आणि म्हणत, "चला, तब्येत बरी आहे." ते कौतुक माझंच आहे, असं मी धरून चाललो होतो. चांगली वर्षं होती ती.

मग एका गल्लीत पाण्याच्या नळासाठी चर खणताना पहिल्यांदा तसं झालं. मातीने भरलेलं बकेट वर उचललं आणि लाल दिवा लागला. इंजिनाने मान टाकली. मामांनी ते बंद केलं, उतरून तेल पाहिलं. तेल पुरेसं होतं. पुन्हा सुरू केलं तर दिवा गायब. थोडं खणलं की पुन्हा तेच. लोकांच्या दारासमोर चर उघडा पडला होता. फळ्या टाकून म्हातारीकोतारी ये-जा करत होती आणि जाता-येता मामांना बोलत होती.

मालक आले तेव्हा यंत्र उभं होतं. मामा आत डोळे मिटून इंजिन गार होण्याची वाट पाहत होते.

"झोपायला घरी पलंग नाही का, मामा?" मालक सगळ्यांदेखत म्हणाले.

"दिवा लागतोय. इंजिन बसतंय."

"आणि मी आलो की बरं लागत नाही."

मामांनी इंजिन सुरू करून पुन्हा खणायला घेतलं. मी तारेतून बोलत होतो. तेलाचा दाब ठीक आहे, ठीक आहे, असं कानीकपाळी ओरडत होतो. पण तिसऱ्या तारेत वाटेतच कुठेतरी माझा निरोप मरत होता. मला ते कळत होतं आणि सांगायला तीच एक तार होती. याहून वाईट काय असतं, सांगा.

यंत्र वर्कशॉपमध्ये नेलं. मिस्त्रीने आपलं तपासणीचं यंत्र जोडलं. पडद्यावर स्पष्ट उमटलं होतं, ऑइल सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हणजे मी एकटा नव्हे. तारा, जोड, कंप्युटरपर्यंतची सगळी वाट म्हणजे सर्किट. पण मिस्त्रीची सवय अशी, की जो भाग डबीत विकत मिळतो तोच आधी बदलायचा. "सेन्सर गेला," तो म्हणाला, आणि मला पाना लागला. माझ्या जागी नवा आला. सावलीत, काही न उचलता, इंजिन थोडा वेळ चालवून पाहिलं. दिवा लागला नाही. झालं काम.

मला भंगाराच्या टोपलीत टाकणार तेवढ्यात मामांनी हात पुढे केला. "राहू दे. इतकी वर्षं खरं बोललाय." त्यांनी मला सीटशेजारच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बकेट उचललं आणि दिवा लागला.

"नवा भाग टाकलाय," मालक मामांकडे बघत म्हणाले. "म्हणजे आता जुना एकच उरला." मामा खाली उतरले. पाण्याची बाटली आणि सीटवरची उशी त्यांनी नेली. मला मात्र ते खणातच विसरले.

त्यांच्या जागी मालकांचा मेहुणा आला. घरचा माणूस, विश्वासाचा. त्याने माझ्यावर किल्ल्यांचा जुडगा आदळला. दुपारच्या आत त्याच्याही हाताखाली इंजिनाने मान टाकली.

बिलं द्यायला मालकीणबाई आल्या होत्या. खांद्यावर तान्हं बाळ होतं.

"आता माझा भाऊही झोपतो का?" त्यांनी विचारलं.

मालकांनी स्वतः तेल तपासलं. तेल पुरेसं होतं.

"पोराचा ताप कायम डॉक्टरच्या दारात उतरतो," त्या बाळाला थोपटत म्हणाल्या. "घरी आलो की पुन्हा चढतो. मग डॉक्टरलाच घरी आणायचं. मिस्त्रींना इथे बोलवा आणि खणताना बघू द्या."

मिस्त्री कुरकुरत आला. इंजिनाचं झाकण उघडून तो लांब उभा राहिला. मेहुण्याने भरलेलं बकेट उचललं. जोर लावताना इंजिन एका अंगाला कललं, त्याबरोबर तारांचा जुडगा ताणला आणि एका लोखंडी पट्टीच्या धारदार कडेवर घासला. त्याच क्षणी दिवा लागला. इंजिन बंद करून मिस्त्रीने माझ्या तारेला मीटर लावला आणि ती कडेवर दाबली. मीटर पीं करून वाजला. तारेचं वेष्टन तिथे सोलवटून आतलं तांबं लोखंडाला टेकत होतं.

"जुडगा इथे कोणत्या गाढवाने बांधला?" मिस्त्री म्हणाला.

"मागे पंख्याचा पट्टा तुम्हीच बदललात ना?" मेहुण्याने विचारलं.

मिस्त्रीनेच बदलला होता. त्या वेळी क्लिप हरवली म्हणून त्याने तारा हाती लागेल तिथे बांधल्या होत्या. तात्पुरत्या.

तार दुरुस्त झाली, तिच्यावर नळी चढली, क्लिप बसली. मालकांनी मामांना बोलावून घेतलं. "झालं गेलं सोडा मामा, बसा वर."

मामा पायरीजवळच थांबले. "मी झोपलो नव्हतो, एवढं म्हणा."

"नव्हतात झोपला," मालक पुटपुटले.

"तेव्हा मोठ्याने बोलला होतात."

गल्लीतली एक म्हातारी फळीवर थांबून ऐकत होती. मालकांनी घसा खाकरला आणि मोठ्याने म्हटलं, "मामा झोपले नव्हते. तार खराब होती."

मामा वर चढले, उशी सीटवर ठेवली आणि खणातल्या किल्ल्या माझ्यावरून उचलून बाजूला ठेवल्या.

मित्रांनो, मला कुणी परत इंजिनात बसवलं नाही. माझ्या जागी नवा आहे आणि तोही खरंच बोलतो. तुमच्या घरात कुणी सारखं दुखतंय म्हणालं, तर त्याच्यावर डाफरण्याआधी ते जिथे दुखतं तिथे जाऊन बघा. वाट शेवटपर्यंत तपासा. मालकांनी मामांपुरतं मोठ्याने सांगितलं. माझ्यापुरतं अजून कुणी सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही लक्षात ठेवा.