गप्प केलेला बेल्ट

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. सध्या भंगारवाल्याच्या आवारात दोन मोडक्या फ्रिजांच्या मधे उभी आहे. येणारेजाणारे माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "हीच ती. हिच्यामुळेच काचवाल्याचा हात गेला." ते ऐकले की टाकीत थेंब नसतानाही माझ्या अंगाची आग होते. म्हणून खरे काय झाले ते तुम्हाला सांगते. ऐकून सोडून दिलेत तरी चालेल, त्याची मला सवय आहे.

कारखान्यात मला कोणी घडवले ते आता आठवत नाही. आठवतो तो काचेच्या दुकानासमोरचा पहिला दिवस. दुकान दोघा भावांचे. थोरल्याला सगळी गल्लीच दादा म्हणायची. त्याने माझ्या पाठीवर जाड लाकडाची तिरकी चौकट बसवली, तिला रबर ठोकले आणि रबरावर जुने ब्लँकेट शिवले. काच त्या चौकटीला कलती टेकवायची आणि पट्ट्याने बांधायची, मगच निघायचे. अठरा वर्षे मी अशा काचा वाहिल्या. एकही तडकली नाही. "हिच्यात बसलं की पोटातलं पाणी हलत नाही," असे दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. तेव्हा मी मनातल्या मनात किती फुगायचे!

दादाची एक रीत होती. लांबची फेरी मारून आला की तो माझ्या चारही चाकांवर एकेक तळहात ठेवायचा. एखादे चाक जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक धरून राहतोय हे त्याला कळायचे. घरच्या माणसाला ताप आलाय का ते बघतात ना, अगदी तसेच. धाकटा याला हसायचा. धाकट्याला घाई फार. जेवणसुद्धा तो उभ्यानेच उरकायचा.

एका सकाळी माझा बेल्ट किंचाळू लागला. इंजिनाच्या पुढे फिरणारा हा रबरी बेल्ट पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि स्टिअरिंग हलके ठेवणारा पंपही तोच फिरवतो. दादाने बॉनेट उघडले. काचा पुसायची पाण्याची बाटली घेतली, तिच्या झाकणाला बारीक भोके होती. चालत्या बेल्टवर त्याने चार थेंब शिंपडले. आवाज थांबला आणि मिनिटाभराने पुन्हा सुरू झाला.

"बघ, पाण्यानं आवाज वाढला असता तर बेल्ट सैल आहे म्हणायचं," तो धाकट्याला म्हणाला. "हा गप्प झाला. म्हणजे पुली तिरकी फिरतेय. तिचं बेअरिंग गेलंय, ते बदलायला हवं."

पण धाकट्याचा फोन वाजला होता. तो बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेला होता. त्याने पाणी शिंपडलेले पाहिले आणि आवाज थांबलेला ऐकला. पुढचे काहीच त्याच्या कानावर गेले नाही.

त्याच आठवड्यात दादाचे डोळ्याचे ऑपरेशन झाले. महिनाभर धूळ नको, वजन नको, गाडी नको, असे डॉक्टरांनी बजावले. मी धाकट्याच्या हाती आले. रोज सकाळी तो बेल्टवर पाणी मारायचा आणि मला दामटायचा. दादाने केली होती ती तपासणी, आणि याने तिचेच औषध करून टाकले! दादा खाटेवरून विचारायचा, "अरे, ते बेअरिंग बघितलंस का?"

"झालं ते, दादा. ऐक ना, येतोय का आवाज?"

दादा कान देऊन ऐकायचा. आवाज नसायचा. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचे आणि मला रडू यायचे.

मग धाकट्याला माझ्या वेगाची खंत वाटू लागली. "म्हातारी उचलच घेत नाही," तो म्हणायचा. खरे होते ते. माझा हवेचा फिल्टर काचेच्या भुकटीने बुजला होता आणि मागचे डावे चाक ब्रेकने धरून ठेवले होते. फिल्टर बदलून तळहात एकदा चाकावर ठेवला असता तर निम्मे दुखणे तिथेच कळले असते. पण धाकट्याने फिल्टर काढूनच टाकला. वर म्हणाला, "घे, आता मोकळा श्वास." दुकानातली भुकटी थेट माझ्या छातीत जाऊ लागली. वजन कमी व्हावे म्हणून त्याने ती लाकडी चौकटही उतरवली. खोटे कशाला बोलू, चार दिवस मी खरेच पळाले. पाचव्या दिवसापासून धाप लागली.

आता त्या दिवसाचे सांगते. दादाची लेक शिवणकाम करते. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात तिने सहा वर्षे शिवले होते. मग तिने चढावरच्या रस्त्याला एक गाळा घेतला आणि म्हणाली, "बाबा, समोर सगळी काच हवी. दिवसाउजेडी शिवायचंय मला." डोळा बरा झाल्यावर दादाने पहिली काच कापली ती हीच. दारापेक्षा उंच, एकसंध. इतकी मोठी काच त्याने आयुष्यात कापली नव्हती.

माझ्या पाठीवरची चौकट गेलेली पाहून तो थबकला. "चौकट कुठंय?"

"अरे, जड होती. मी हळू नेतो ना, दादा."

लेक तिकडे नव्या गाळ्यात वाट बघत होती. गादी टेकवून तो स्वतःच मागे उभा राहिला, दोन्ही हातांनी काच धरून. इथे मात्र मी त्यालाही माफ करत नाही.

चढावर मी किंचाळले. जिवाच्या आकांताने किंचाळले. धाकट्याने बाटलीकडे पाहिले आणि आणखी जोरात पाय दाबला. "एवढा चढ काढ, बाई." पुली जागच्या जागी अडकली आणि बेल्ट तुटला. स्टिअरिंग एकदम जड झाले. धाकट्याने घाबरून ब्रेक मारला. काच कलली. दादाला ती सोडता आली असती. त्याने सोडली नाही; ती त्याच्या हातातच फुटली.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे आता मिटत नाहीत. काच कापायचा हिरा त्याला धरता येत नाही. लेकीच्या दुकानाला समोरून प्लायवूड ठोकले आहे आणि ती पुन्हा दिवा लावून शिवते.

मला भंगारात काढायच्या दिवशी दादा आला. डाव्या हाताने त्याने बॉनेट उचलले आणि पुली फिरवून पाहिली. ती हलेना. जुनेच बेअरिंग होते. मग त्याला सीटशेजारी ती भोकाच्या झाकणाची बाटली दिसली. त्याला सगळे कळले, मित्रांनो. मी त्याचा चेहरा पाहिला आहे.

धाकटा मान खाली घालून उभा होता. "दादा," तो कसाबसा म्हणाला, "गाडीच जुनी झाली होती ना?"

दादाने बॉनेट खाली केले. "हो रे," तो म्हणाला. "गाडीच जुनी झाली होती." आणि ती बाटली त्याने पिशवीत टाकली, घरच्या कोणाला दिसू नये म्हणून.

भावाला भाऊ राहिला, घर मोडले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, एवढेच. जाताना दादाने माझ्या चाकांवर हात ठेवला नाही. उजवा निकामी, डाव्यात ती बाटलीची पिशवी; कोणता ठेवणार होता?

तुमच्या घरी पंखा असेल, सायकल असेल, गाडी असेल, त्यातले काहीतरी एक दिवस कुरकुरेल. तेव्हा त्याचे तोंड बंद करू नका, त्याला काय होतेय ते विचारा. आणि माझी गोष्ट कोणाला सांगितलीत, तर एवढे मात्र खरे सांगा, की ती गाडी आधीपासून ओरडत होती.