दरीचं गाणं नको

“दरीचं गाणं नाही? हेर्दिसच्या अंत्यविधीला?” ग्रोआमावशीने तव्यावरचा पातळ पॅनकेक उलटला. “उन्नुर, पोरी, गाव मला फाडून खाईल.”

“आईनेच सांगितलं होतं मावशी. दवाखान्यात, माझा हात धरून.”

“तापात बोलली असेल.”

“ताप नव्हता. म्हणाली, सगळ्यांना त्या गाण्याने पोचवलं, मला तेवढं सोडा.”

मावशीला हसू आलं. “हा मात्र तिचाच टोमणा.” पॅनकेकवर साखर भुरभुरत ती म्हणाली, “पण ते काय तिच्या एकटीचं आहे? साऱ्या आइसलँडचं आहे ते. राष्ट्रीय दिनाला पारंपरिक पोशाखावर चांदीचा पट्टा बांधून हेर्दिस उभी राहिली, की भर पावसातसुद्धा माणूस हलायचा नाही.”

“हो. आणि दुसरं काही गायली की सगळे कॉफी प्यायला जायचे.”

मावशीने पुढचा पॅनकेक तव्यावर घातला. ते खरंच होतं.

हेर्दिस तरुणपणी जर्मनीत ऑपेरात गायची. वाट्याला भूमिका यायच्या त्या दासी आणि दायांच्या. घरची आठवण आली की ती दरीचं गाणं म्हणायची. मेंढ्या घरी परतताहेत आणि आई दारात उभी आहे, एवढंच त्यात होतं. ते एकदा इकडच्या रेडिओवर लागलं आणि देशाने तिला परत बोलावून घेतलं. पुढे मात्र दुसरं काही गाऊच दिलं नाही. चर्चच्या माळ्यावर, ऑर्गनशेजारी, कुणाला न दिसता उभं राहून, अंत्यविधींना तेच गात तिने अर्धं गाव पोचवलं. “तिकडे परकी होते म्हणून ते गायले,” ती उन्नुरला म्हणायची, “आणि इथे परकी ठरू नये म्हणून.” जर्मन गाणी ती कपडे वाळत घालताना म्हणायची. उन्नुरला आईचा खरा आवाज तोच वाटे.

त्यातलंच एक उन्नुरने अंत्यविधीसाठी निवडलं.

“दरीचं गाणं नाही. लक्षात आहे ना, ओत्तारकाका?” चर्चच्या दारात तिने विचारलं. आईला जन्मभर साथ करणारा म्हातारा ऑर्गनवादक माळ्याचा जिना चढायला निघाला होता.

“तुझ्या आईसारखीच छळतेस. आहे लक्षात.”

आईची एक शिष्या जर्मन गाणं छान गायली. प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतरची जागा इतकी वर्षं एकाच गाण्याची होती, आणि ओत्तारचे हात सवयीने तिकडे वळले. दरीच्या गाण्याचे पहिले सूर खाली उतरले. शिष्येने उन्नुरकडे पाहिलं आणि ती गायला उठली नाही.

“मी नाही गं सांगितलं,” मावशी कुजबुजली.

“माहीत आहे मला.”

गाणारीने सुरुवात करायची जागा आली आणि गेली. कुणीच गायलं नाही. ओत्तारही थांबला नाही, नुसती साथच वाजवत राहिला. समोरच्या बाकावरच्या मच्छीमाराने मान किंचित वर केली, जशी माळ्यावरून आवाज आला की सगळेच करत.

दिलेला शब्द मोडत होता. त्याला थांबवायला म्हणून उन्नुर उठली.

तिसरी ओळ आली. अलीकडे त्या ओळीला आईचा दम पुरत नसे. ती मध्येच, घेऊ नये तिथे, श्वास घ्यायची, आणि ओत्तार तिच्यासाठी थांबायचा.

ऑर्गन थांबला. एका श्वासापुरता. मग पुढे निघाला.

उन्नुर खाली बसली.