बसण्यापुरता दिवाण

"झोपून बघा की वन्सं, लाजायचं काय त्यात! दुकानात सगळेच आडवे होऊन बघतात," भावजय म्हणाली.

ताईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, पर्स पोटाशी धरली आणि त्या दिवाणावर हळूच आडव्या झाल्या. त्यांचा उभा जन्म इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेला होता. 'आडवे व्हा, श्वास रोखा, हलू नका, हं, सोडा' असं म्हणत त्यांनी अख्खं गाव आडवं केलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्या पेशंटसारख्या ताठ झाल्या आणि त्यांनी खरोखरच श्वास रोखला.

"श्वास सोड ताई," भाऊ हसत म्हणाला. "फोटो नाही काढत कुणी तुझा."

ताईही हसल्या आणि अंग सैल सोडलं.

हा भाऊ पन्नाशीला टेकलेला, डोक्यावरचं छप्पर उडालेलं; पण त्याला 'बाळ्या' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो सहावीत होता. त्याच्या गालगुंडापासून लग्नापर्यंत सगळं ताईंनीच निस्तरलं, आणि त्या धबडग्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर इस्पितळाच्या आवारातली खोली सोडावी लागली, तेव्हा ट्रंक उचलायला बाळ्याच आला होता. "माझं घर असताना तू भाड्याची खोली शोधणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील," असं म्हणून त्याने ट्रंक खांद्यावर घेतली होती.

घरात झोपायच्या खोल्या दोनच. एक नवराबायकोची, दुसरी कॉलेजात जाणाऱ्या भाचीची. म्हणून ताईंची लोखंडी खाट बैठकीच्या खोलीत खिडकीखाली पडली. परवा घराला रंग दिला आणि नव्या भिंतींसमोर खाट फारच केविलवाणी दिसायला लागली. ती भंगारात गेली. "आता छानसा दिवाण घेऊ," भावजय म्हणाली, "आणि वन्सं, तुम्हीच निवडायचा हं."

ते वाक्य ताई त्या दिवसापासून मनात घोळवत होत्या. आजवर घरात आलेली प्रत्येक वस्तू नडली म्हणून आली होती. निवडायची पाळी कधी आलीच नव्हती.

सकाळी आधी तिघं जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली. तिथला दिवाण शंभर वर्षांचा होता म्हणे. काळाभोर, कोरीव, वाघनखांचे पाय. वेताची बैठक मात्र झोळीसारखी खाली आलेली. "याची धूळ पुसायला वेगळा माणूस ठेवावा लागेल," म्हणत भावजयीने काढता पाय घेतला.

या दुसऱ्या दुकानात दोन होते. एक, ताई पडल्या होत्या तो. आईच्या काळातला साधा लाकडी, नव्याने पॉलिश केलेला, ऐसपैस, एका बाजूला ठेंगणी पाठ, कापसाची जाड गादी. दुसरा अगदी आताचा. काडीसारखे स्टीलचे पाय, दुधासारखं पांढरं कापड, आणि रुंदी एखाद्या बाकाएवढी.

गादीने कंबर अलगद झेलली तशी ताईंनी मनातल्या मनात संसार मांडायला घेतला. हाताची फळी रुंद आहे, तिथे चष्मा राहील. पाण्याचा पेलाही राहील. पाठ भिंतीकडे करायची, म्हणजे गार लागणार नाही. डोळे जड व्हायला लागले.

"रोजच्या झोपण्याला हवाय ना?" दुकानदाराने विचारलं. "मग डोळे झाकून हा घ्या. तो पांढरा देखणा आहे, पण बसण्यापुरता. त्याच्यावर रात्र काढलीत तर सकाळी कंबर तुमच्याशी बोलणार नाही."

"छे छे, रोज कोण झोपतंय?" भाऊ पटकन म्हणाला. "असंच, कधी पाहुणेबिहुणे आले तर."

ताईंनी डोळे उघडले.

तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. भावजय उगाचच एका उशीची शिवण तपासायला लागली. ताई तशाच पडून वाट बघत राहिल्या. 'ताई झोपते' एवढे दोनच शब्द पुरले असते. अजून वेळ गेली नव्हती. दुकानदारही थांबला होता. भावाने खिशातून रुमाल काढला, चष्म्याची काच पुसली, परत घातला आणि दाराबाहेरच्या रहदारीकडे बघत राहिला.

ताई उठून बसल्या. चप्पल पायात जाता जाईना.

"मला तो पांढरा आवडला," त्या म्हणाल्या.

"नक्की ना वन्सं? नाहीतर मागाहून म्हणाल..."

"नक्की. हा फार जागा खातो."

"तेच मी म्हणणार होते!" भावजयीचा जीव असा मनापासून भांड्यात पडला, की ताईंना तिचा रागसुद्धा येईना.

दिवाण घरी आला. पहिल्या रात्री ताईंचा एक हात सारखा बाहेर लोंबत राहिला. दुसऱ्या रात्री कूस वळली आणि त्या खाली आल्या. आवाजाने कुणी जागं झालं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पुढे त्या घर सामसूम झालं की खाटेची जुनी गादी कपाटामागून ओढून जमिनीवर टाकायच्या आणि कुणी उठायच्या आत गुंडाळून ठेवायच्या. सकाळी गुडघे धरून उठताना तोंडातून हूं की चूं निघू द्यायच्या नाहीत.

शेजारीण नवा रंग बघायला आली. "काय सुरेख दिवाण आहे गं! कुणाची निवड?"

"आमच्या वन्संची," भावजय कौतुकाने म्हणाली.

"बसा ना," ताई म्हणाल्या. "बसायला फार छान आहे."

एका पहाटे भाऊ नेहमीपेक्षा लवकर फिरायला निघाला आणि अंधारात गादीला अडखळला. दिवा लावला. ताई उठून बसल्या. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"ताई, खाली का गं झोपलीस?"

"पाठीला बरं वाटतं खाली."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. शाळा बुडवून आलेला बाळ्या दारातच ओळखणाऱ्या ताईंना आता त्याच्या तोंडावर सगळं लख्ख दिसत होतं. त्याला कळलं होतं. त्याने आणखी एक प्रश्न विचारला असता, नुसता खांद्यावर हात ठेवला असता, तरी ताईंचा बांध फुटला असता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हो, डॉक्टरही सांगतात," तो म्हणाला. "कडक अंथरूण चांगलं."

आणि मोठं ओझं उतरल्यासारखा उठून तो बुटांचे बंद बांधायला लागला.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने स्वतःच गादी काढली. आता लपवण्याचं कारण नव्हतं. सगळ्यांदेखत त्याने ती जमिनीवर पसरली, चादर टाकली, चारी कोपरे आत खोचले, उशी थोपटून फुगवली. इतकं नीट अंथरूण ताईंना आजवर कुणी घालून दिलं नव्हतं. गादीची कड दिवाणाच्या पांढऱ्या कापडाला घासत होती. ते दिसताच त्याने वाकून गादी हातभर अलीकडे ओढली.

"पुरे ना गं एवढी जागा?"

"पुष्कळ आहे," ताई म्हणाल्या.