गालिच्याची पाठ

बाजारात तिला सगळे पारखीणबाई म्हणत. घरात मात्र ती धाकटीच होती, आणि चाळिशी उलटली तरी ताईपुढे धाकटीच राहणार होती. स्वभाव फटकळ. यंत्रावरचा गालिचा कुणी हातचा म्हणून पुढे केला की ती झालर चिमटीत धरायची आणि म्हणायची, "ही शिवून लावलीय. हातच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याचेच उभे धागे असतात. उचला." तिच्या शब्दावर सौदे व्हायचे, आणि मोडायचेही.

एका दुपारी भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. बाबांनी विणलेला मोठा लाल गालिचा विकायचाय, येऊन पारख. "आणि कुणाला बोलू नकोस हं, उगाच बाजारात बोभाटा नको."

ताई हवापालटाला गेलीय, असं हे गृहस्थ हिवाळ्यापासून सांगत होते. कुठे, तर डोंगरात. फोन का लागत नाही, तर डोंगरात. धाकटी दरवेळी त्यांच्या दारावरून परत आली होती. आज ते स्वतः बोलावत होते. गालिचा गेला खड्ड्यात, तिला त्या घरात पाऊल टाकायचं होतं. दुकानात कुणालाही न सांगता ती निघाली, आणि तिथेच तिचं चुकलं.

बैठकीच्या खोलीत भरदुपारी पडदे ओढलेले होते. गालिचा दिव्याखाली पसरला होता. भाऊजी खुर्चीत पायावर पाय टाकून, वरचा पाय हलवत बसले होते.

"ताई कशी आहे?"

"मजेत. वजन वाढलंय म्हणे."

'म्हणे' तिला खटकलं. नवऱ्याला बायकोची खबर 'म्हणे'वर कळते होय? ती गुडघे टेकून बसली, लव बोटांनी फाकवून मुळाशी बघितलं. वर फिकट झालेला लाल खाली हळूहळू गडद होत गेला होता. खरा रंग असाच उतरतो. ओला रुमाल घासला, तो पांढराच राहिला. बाबांचं काम, त्याला काय धाड भरलीय!

"धरा ते टोक," ती म्हणाली, आणि दोघांनी गालिचा उलटा केला. भाऊजी परत खुर्चीत बसून पाय हलवू लागले. समोरून गालिचा कसाही नटवता येतो. पाठीवर एकेक गाठ उघडी दिसते, तिथे लबाडी चालत नाही.

उजव्या कोपऱ्यात निखारा पडून जळलेलं भोक होतं. बाबांच्या हातचं आहे, मीच भरीन, असं ताई वर्षानुवर्षं म्हणायची आणि विसरायची. आता भोक नव्हतं.

"हे कुणी भरलं?"

"आहे एक कारागीर. बरेच महिने झाले त्याला."

धाकटीने तिथे तळवा ठेवला. बोटांची सवयच तशी, आणि तोंडाचीही. पारखताना जे सापडेल ते मोठ्याने बोलायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला शंका राहत नाही.

"अगं बाई, हे तर अजून ओलं आहे!"

भाऊजींचा हलणारा पाय थांबला.

जीभ चावून उपयोग नव्हता. गाठी नीट बसाव्यात म्हणून भरलेल्या जागेवर पाणी मारून वजन ठेवतात. ही ओल महिन्यांची नव्हती, फार तर कालची होती. आणि गाठी एकजात उलट्या बाजूला कललेल्या. ताई डावखुरी. या कलण्यावरून बाबा तिला बोलून बोलून दमले होते.

ताई कुठल्याही डोंगरात नव्हती. ती याच छपराखाली होती.

धाकटीने मान खाली ठेवली, आणि मग तिला लाल गाठींच्या मधोमध एक काळी गाठ दिसली. ती नक्षीतली नव्हती. बाबांच्या मागावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसायच्या. पुढचे उभे धागे कुजलेले आढळले की जिला ते दिसतील तिने काळी गाठ मारून ठेवायची: इथे थांब, पुढे हात घालू नकोस. त्यांच्या घराबाहेर ही खूण कुणाला ठाऊक नव्हती. गालिचा कुणापुढे उलटा होणार, हे ताईने बरोबर ओळखलं होतं.

"काय म्हणतेस मग?" भाऊजींनी विचारलं. आवाज मऊच होता. "जाईल शंभर नंबरी म्हणून?"

"जाईल. भरणं कुणाच्या लक्षात येणार नाही."

"तुझ्या आलं की."

ती उठली. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. सरळ चालत गेली असती तर भाऊजींनी बहुधा अडवलंही नसतं. पण ती माणसं घेऊन परत येईपर्यंत ताईला त्यांनी इथे ठेवलं असतं? पुन्हा एखादा डोंगर. आणि या खेपेला पाठीवर वाचायला गालिचाही मिळाला नसता.

"वर अजून बरेच आहेत," भाऊजी जिन्याकडे हात करत म्हणाले. "जुने, जळके, कसर लागलेले. बघतेस?"

तिला भीती वाटत होती. तरी ती म्हणाली, "चला."

भाऊजी मागून चढत होते. वरच्या खोलीच्या दाराला कडी बाहेरून होती. त्यांनी ती काढली. आत लोकरीचा कोंदट वास होता. भिंतीलगत गालिच्यांच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या, खिडकीला फळ्या ठोकलेल्या. दिव्याखाली, गालिचा ताणलेल्या चौकटीसमोरच्या पाटावर ताई बसली होती. वजन वाढलं होतं म्हणे! मनगटं काड्यांसारखी झाली होती. तिने वर बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"थांब म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली. "गाढवे."

"कधी ऐकलंय मी तुझं?" धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"एकटीने उरकत नाही गं तिला," भाऊजी मागून समजुतीच्या सुरात म्हणाले. "दोघी बसलात तर भराभर होईल."

दार लागलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला, मग जिना उतरणारी पावलं. ती पार विरेपर्यंत ताई ऐकत राहिली. मग पाटावर थोडी सरकली आणि तिने धाकटीला जागा करून दिली.