आंबिवलीच्या शाळेतला सात नंबर

मी बोलतोय, सात नंबर. आंबिवलीच्या एका मराठी शाळेतला जुना कॉम्प्युटर.

माझी उमेदीची वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात गेली. तिथे चित्रा मॅडम माझ्यावर पत्रं लिहायच्या आणि डाव्या हाताने चिवडा खायच्या. त्यातले चार पोहे अजून माझ्या कीबोर्डात आहेत. पुढे नवीन मशिनं आली आणि आम्हा दहा म्हाताऱ्यांना शाळेला देऊन टाकलं. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या.

शाळेत मान मोठा. मुलं चपला बाहेर काढून आत येतात. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल, बाकी वर्षभर अंगावर प्लास्टिकचं कव्हर. शिकवायचं काम हरिहर सरांकडे; मूळचे ते इतिहासाचे. माणूस वाईट नाही, पण घाबरट. "हात लावू नका रे, बिघडलं तर कोण करणार?" असं म्हणत त्यांनी मुलांकडून वहीत माऊसचं चित्र काढून घेतलं. सातवीतल्या शिवानीचा माऊस सगळ्यांत सुबक. खरा माऊस तिने तोवर धरलाच नव्हता.

गेल्या डिसेंबरात एका संस्थेचा साकेत आला, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे दीड तास उशिरा. मुलांना कॉम्प्युटर, मोबाइल वापरून शिकायला कितपत जमतं, ते त्याला तपासायचं होतं.

"पास-नापास काही नाही हां, सर," तो म्हणाला. "जिथे मुलांना येत नाही, तिथे आम्ही वर्षभर शिक्षक देतो."

शिवानी ताठ बसली. तिला शिकायचं होतं हो, अगदी मनापासून.

सरांचा मात्र विश्वास बसेना. साकेत कागद आणायला खाली गेला, तेवढ्यात ते म्हणाले, "असं सगळेच म्हणतात. मग वरून नोटीस येते. सगळ्यांनी 'येतं'वर टिक करा. शाळेचं नाक कापू नका."

माहिती शोधता येते का? येतं. खरी-खोटी बातमी ओळखता येते का? येतं. फाइल जपून ठेवता येते का? येतं. बत्तीस मुलं, बत्तीस पंडित! शिवानीने 'नाही'वर खूण केली होती. सरांनी खोडरबर पुढे केला. "अगं, शहाणी ना तू?" खोडलं बिचारीने.

प्रत्येकाने प्रत्यक्ष करून दाखवायला वेळ उरला नव्हता. सरांनी घरी लॅपटॉप असलेल्या सूरजला पुढे केलं आणि बाकीच्यांना चार ओळी टाइप करत बसायला सांगितलं. शिवानी माझ्यापुढे आली. एका बोटाने अक्षरं शोधत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तिने.

'साहेब, मी शिवानी. आम्हाला काही येत नाही. सरांनी येतं लिहायला सांगितलं. सरांना ओरडू नका. पण शिकवणारं कोणीतरी पाठवा.'

घंटा झाली. "बंद करा, बंद करा!" तिने कोपऱ्यातली फुली दाबली. मी नियमाप्रमाणे विचारलं, हे ठेवायचं की टाकायचं? तेही इंग्रजीत. सरांनी वहीत उतरवून दिलेल्या बंद करायच्या पायऱ्यांत हा प्रश्नच नव्हता. तिने सरांकडे पाहिलं. ते साकेतला चहाला चला म्हणत होते. तिने मधलं बटण दाबलं आणि मी ते पत्र टाकून दिलं. नियम तो नियम. पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"गेलं का गं?" तिच्या मैत्रिणीने, सान्वीने विचारलं.

"गेलं ना. आता दिसतंय का इथे?"

आईच्या मोबाइलवरून ती मेसेज पाठवते. तिथे लिहायची जागा रिकामी झाली की मेसेज गेला असं समजायचं. तिचं तरी काय चुकलं?

जानेवारीत अहवाल आला. मुलं उत्तम, शिक्षकाची गरज नाही. शिक्षक दुसऱ्या शाळेला मिळाला. सरांनी फळ्यावर रंगीत खडूने 'अभिनंदन' लिहिलं आणि खोलीला कुलूप लागलं.

मधल्या सुट्टीत शिवानी खिडकीचे गज धरून आत बघते. सान्वी चिडवते, "काय गं, आला का तुझा मास्तर?"

"येणार गं. मी लिहिलंय त्यांना."

वाचणाऱ्यांनो, मला दुरुस्त करू नका, नवीन मशिनंही पाठवू नका. आंबिवलीला कधी उतरलात तर त्या पोरीला एवढंच सांगा, की तुझं पत्र गेलंच नाही. आणि ते पुन्हा लिहीपर्यंत तिच्या शेजारी बसा.